रिकाम्या बाकांचं आमेन

रविवार, ७ सप्टेंबर

आज चर्चमध्ये आम्ही तिघं. पाळकसाहेब, सासूबाई आणि मी. त्यात मला धरायचं की नाही हाही प्रश्नच, कारण मी मागच्या खांबाशी आवाजाचा मिक्सर घेऊन बसतो आणि माझं लक्ष वचनापेक्षा त्याच्या सुईकडे जास्त असतं.

छप्पर दुरुस्त होईपर्यंत उपासना घरोघरी फोनवर ऐकवायची, ही अक्कल माझीच. माझ्या दुकानात दुरुस्तीला येऊन कुणी परत न नेलेले दोन माइक होते, एक जुना मिक्सर होता, वायरला तोटा नव्हता. मंडळीनं मला डोक्यावर घेतलं. पुढे छप्पर झालं, भिंतींना रंग लागला, पण माणसं काही परत आली नाहीत. घरी पाय पसरून, चहाचा कप हातात घेऊन वचन ऐकायला मिळत असेल तर त्या कडक बाकांवर पाठ मोडून कोण घेणार? मी स्वतःच सगळ्यांना सांगत होतो की देव काही चर्चच्याच पत्त्यावर राहत नाही.

आज मात्र वाईट वाटलं. पाळकसाहेब तरुण आहेत, तयारी करून येतात. "प्रभू तुमच्याबरोबर असो," म्हणाले आणि सवयीनं थांबले. उत्तर एकट्या सासूबाईंचं आलं. रिकाम्या डब्यात चमचा पडावा तसा तो आवाज वाजला.

मग हात धरायची वेळ आली. आमच्या चर्चची ही जुनी रीत. आशीर्वादाच्या आधी सगळ्यांनी उठायचं, शेजाऱ्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन 'शांती असो' म्हणायचं, आणि तो 'तुम्हालाही' म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. भांडलेल्यांची त्यामुळे मोठी पंचाईत व्हायची. आज सासूबाई मागे चालत आल्या आणि माझे हात धरले. मग पुढे जाऊन पाळकसाहेबांचे धरले. झालं, संपली मंडळी.

नंतर वायर गुंडाळताना पाळकसाहेब म्हणाले, "भिंतींना उपदेश करतोय असं वाटतं. एक बरं, भिंती डुलक्या काढत नाहीत." हसले, पण त्यात काही दम नव्हता.

बुधवार, १० सप्टेंबर

दुकानातल्या कपाटात खजिना सापडला. चर्चच्या जुन्या वर्धापनदिनाच्या उपासनेचं रेकॉर्डिंग. तेव्हा बाकं भरून माणसं दारात उभी असायची. त्या दिवशी मी मशीनपाशी होतो, म्हणून मी त्यात नाही. सासूबाई आजारी बहिणीकडे गेल्या होत्या, त्याही नाहीत. पण ही आहे. तेव्हा आमचं घर अजून दोघांचं होतं.

हिचा आवाज मी हजारांत ओळखीन, कारण ही 'आमेन' म्हणण्यात सगळ्यांच्या जराशी पुढे असायची. पाळकांचं वाक्य पुरतं संपायच्या आत हिचं 'आमेन' सुटलेलं. एरवी शेजारी बसलेलो असलो की मी हिच्या कानात म्हणायचो, "घाई कसली? गाडी सुटतेय का?" की बसलंच कोपर बरगडीत. हे आमचं दोघांतलं. देवाच्या घरात थट्टा करतो म्हणून ही मला घरी येईपर्यंत रागवायची आणि मग स्वतःच हसायची.

तो एक तुकडा मी किती वेळा लावला कोण जाणे. इस्त्री घ्यायला आलेला माणूस म्हणाला, "मालक, मशीन अडकलंय का? एकच शब्द वाजतोय."

डोक्यात एक कल्पना आली आहे. पाळकसाहेबांशी बोलतो.

रविवार, १४ सप्टेंबर

जमलं. आणि काय जमलं!

त्या रेकॉर्डिंगमधली मंडळीची उत्तरं तेवढी सुटी करून घेतली. सगळी 'आमेन', 'तुमच्याही बरोबर असो', 'शांती असो'ची गडबड, गीतांचे शेवट. पाळकसाहेबांचं वाक्य संपलं की कळ दाबायची. आवाज फोनवरूनही जातो आणि चर्चमधल्या कर्ण्यांतूनही येतो. घरच्यांना एकटं वाटणार नाही आणि पाळकसाहेबांनाही उत्तर मिळेल. एका दगडात दोन पक्षी. पाळकसाहेब आधी का-कू करत होते. "हे खोटं नाही का होणार?" मी म्हटलं, "खोटं कसं? आपलीच माणसं, आपलंच चर्च. फक्त वेळ वेगळी."

पहिलं 'आमेन' आलं तेव्हा पाळकसाहेबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी आज मन लावून उपदेश केला.

आणि हिचं 'आमेन' जरासं आधी, नेहमीसारखं. उंच छताखाली ते दुकानापेक्षा फार वेगळं ऐकू येतं. माझे डोळे भरून आले, हे इथे लिहायला हरकत नाही.

सासूबाई मात्र 'आमेन' ऐकून जागच्या जागी उभ्या राहिल्या. वळून मागे बघितलं, सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, मग माझ्याकडे. हात धरायला आल्या नाहीत. लेकीचा आवाज असा अचानक ऐकून हबकल्या असतील. आधी कल्पना द्यायला हवी होती.

गुरुवार, १८ सप्टेंबर

पाव घ्यायला गेलो तर बेकरीवाल्यानं काउंटरच्या पलीकडून हाक मारली. गडी असा की भट्टीपाशी बोलला तरी नाक्यावर ऐकू जातं. "काय हो, रविवारी भारी गर्दी! आमची मंडळी परत आली म्हणायची."

मी नुसता हसलो.

"बरं झालं. मी या रविवारी यावं म्हणत होतो, माझं मन मलाच खात होतं. आता म्हटलं, चर्च भरलंय, आपल्या एकट्यानं काय अडतं?"

परत येताना त्या वाक्याचा जरा त्रास झाला. पण मग वाटलं, तो तसाही येणार नव्हता. घसा खवखवतो आहे. दुकानातली धूळ.

रविवार, २१ सप्टेंबर

सासूबाईंनी आज मला फैलावर घेतलं. उपासना संपल्यावर मिक्सरपाशी आल्या, काठी खांबाला टेकवली आणि समोर बसल्या.

"जावईबापू, हे बंद करा."

"आई, लोकांना आवडतंय. फोन येतात."

"येणारच. जिवंतांनी आळस केला आणि तुम्ही मेलेल्यांना कामाला लावलंत. माझी लेक आयुष्यभर राबली, सगळ्यांची आजारपणं काढली. आता ती प्रभूजवळ आहे. तिला तिथून रविवारच्या रविवार बोलावून आमच्या वाटणीचं 'आमेन' म्हणायला लावायचं?"

"आई, ते यंत्र आहे. त्यात ती नाही."

"मग तुम्ही रडता कशाला?"

मी म्हटलं, तुम्हाला आवडत नसेल तर घरी फोनवर ऐका, आवाज कमी करता येतो. त्या उठल्या. "पूर्वी एखाद्याचं बाक रिकामं दिसलं की दुपारच्या आत कुणीतरी त्याचं दार वाजवायचं. तुमची बायको तर डबा घेऊनच निघायची. आता कुणाचं बाक रिकामं आहे, सांगा बघू? सगळीच भरलीत. मी येत राहणार. इथे कुणीतरी खरं असायला हवं."

म्हातारी माणसं. नव्या गोष्टीला पहिला विरोध त्यांचाच. घरी येऊन शेगडीवर चहा ठेवला आणि बराच वेळ उतरवायचं विसरलो.

रविवार, २८ सप्टेंबर

आज मिक्सरची सुई आपोआप पुढे गेली. मी हात लावला नव्हता. तोच तुकडा, तीच कळ, पण 'आमेन' असं आलं की कर्ण्यांचे पडदे थरथरले. विजेचा दाब वाढला असणार. उद्या तपासतो.

दुपारी मास्तरीणबाईंचा फोन. या आमच्याकडे नव्यानं आल्या, शाळेतून निवृत्त झाल्यावर. फारच घोगऱ्या आवाजात बोलत होत्या. "आज एक गंमत झाली. 'तुमच्याही बरोबर असो' मध्ये मला माझाच आवाज आला. अगदी स्पष्ट. वर्गात हजेरी घेताना असायचा तसा. मी तर तोंडही उघडलं नव्हतं!"

मी म्हटलं, बाई, तुमच्यासारखा कुणाचा तरी असेल, रेकॉर्डिंगच्या वेळी तुम्ही या गावात तरी होतात का?

"असेल, असेल. पण बरं वाटलं. आपण न बोलताच बोलणं झालं. आता बसून नुसतं ऐकायचं." मग त्यांना खोकला आला आणि पुढचं काही कळलं नाही.

विजेचा दाब तपासला. ठीक आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

घशाची साथ आहे. बेकरीवाल्याचा आवाज पार बसला. काउंटरवर आता एक छोटी घंटी ठेवली आहे, पाव तयार झाले की ती वाजवतो. मला खुणा करून सांगत होता की डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितलं, काही नाही. पण स्वतःकडे बोट दाखवलं, मग चर्चच्या दिशेनं, मग कानाला हात लावून मान डोलावली आणि हसला. म्हणजे चर्चमधून त्याला स्वतःचा आवाज येतो. हासुद्धा रेकॉर्डिंगमध्ये नाही. तेव्हा याची बेकरी दुसऱ्या गावात होती. आणि गंमत म्हणजे तक्रार नाही. चेहऱ्यावर कसं निवांत.

शेजारचा चांभार, समोरची फुलवाली, पोस्टमन, सगळे ठणठणीत आहेत, नेहमीसारखे ओरडतात. ते आमच्या मंडळीतले नाहीत. आमच्या लोकांची प्रकृती मुळात नाजूक, दुसरं काय. मी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करतो आहे. सासूबाईंचा आवाज तेवढा खणखणीत.

रविवार, १२ ऑक्टोबर

आजची गोष्ट कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे.

शेवटच्या 'आमेन'मध्ये हिचा आवाज आला आणि लगेच त्याच्या शेजारी एक पुरुषाचा, जरा बसका. तो मी आहे. माझा आवाज मी यंत्रात इतक्या वेळा ऐकला आहे की चूक होणं शक्य नाही. आम्ही दोघं शेजारी. मी त्या रेकॉर्डिंगमध्ये नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण ऐकलं.

घाबरायला हवं होतं. मला मात्र इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं! वाटलं, असंच बसून राहावं. हिच्या शेजारी जागा मिळाली आहे, आणखी काय हवं? पाळकसाहेब कधी खाली उतरले, दिवे कुणी मालवले, मला कळलं नाही. खांद्यावर काठी टेकली तेव्हा भानावर आलो. सासूबाई.

"चला," म्हणाल्या, "इथे नका बसू एकटे."

मला 'एकटा कुठे आहे' म्हणायचं होतं. घशातून हवा आली, शब्द नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

सासूबाई आज त्यांच्या जागेवर दिसल्या नाहीत. पण 'शांती असो'च्या वेळी खांबामागून त्यांचा आवाज आला, खणखणीत, सगळ्यांच्या वर. म्हणजे उशिरा आल्या आणि मागे बसल्या. माझ्यावरचा राग गेलेला नाही, हात धरायला आल्याच नाहीत. मीही गेलो नाही. सवयीनं माझे दोन्ही हात पुढे झाले होते, तेवढ्यात बोटांना गार झुळूक लागली. पंखा बहुधा चालू राहिला असेल. वर बघितलं तर बंद होता.

आज उपासना फार सुरेख झाली. एकदाही अडखळली नाही. संपल्यावर पाळकसाहेबांकडे गेलो तर ते घामानं ओले झालेले, व्यासपीठाचा कठडा घट्ट धरून उभे. माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजले. त्यांचाही घसा गेला आहे.

"आज मी बोललोच नाही हो."

"म्हणजे?" मीही कुजबुजूनच विचारलं.

"उभा राहिलो, तोंड उघडलं, आवाज निघेना. तुम्हाला खूण करणार, तोवर प्रार्थना सुरू झाली होती. माझ्याच आवाजात. वचन, उपदेश, सगळं झालं. मी नुसता उभा होतो."

मी मिक्सरकडे बघत होतो, माझ्या लक्षात आलं नाही. जुने उपदेश मी साठवून ठेवतो, एखादा चुकून लागला असेल. तसं त्यांना सांगितलं. ते कठडा धरूनच खाली उतरले.

बेकरीवाल्याचा निरोप आला, अंगठा वर केलेला. मास्तरीणबाईंचा, फुलांचा गुच्छ. म्हणजे आवडलं.

सोमवार, २० ऑक्टोबर

आजचं आजच लिहितो.

सकाळी सासूबाईंच्या घरावरून जात होतो. दुधाच्या पिशव्या दाराशी तशाच पडलेल्या. कडी वाजवली. माझ्याकडची किल्ली लावून आत गेलो. त्या न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी घसरल्या, तेव्हापासून. तोंडाला कोरड, ओठ फुटलेले, खुब्याचं हाड मोडलंय की काय या भीतीनं मला काही सुचेना. दवाखान्याची गाडी आली, नेलं. मोडलेलं नाही, मुरगळलंय. वाचल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं.

दुपारी त्यांना बोलता येऊ लागलं. बोलणं कसलं, नुसती कुजबुज.

"काल माझी जागा रिकामी दिसली नाही?"

"दिसली," मी पुटपुटलो. "पण तुमचा आवाज ऐकला, आई. मला वाटलं, मागे बसलात."

त्यांनी डोळे मिटले.

"मी तेव्हा फरशीवर पडून हाका मारत होते," म्हणाल्या. "तुम्हालाच. घसा फुटेपर्यंत ओरडले. आधी आवाज होता. मग उपासनेची वेळ झाली आणि आवाज गेलाच. तोंड उघडत होते, बाहेर काही येत नव्हतं."

तिथेच, पलंगाच्या पायाशी, मला सगळं एकदम कळलं. सासूबाई त्या रेकॉर्डिंगमध्ये नाहीत. मीच लिहून ठेवलं आहे मागे. मंडळीतल्या प्रत्येक घरात काल त्यांचा आवाज ऐकू गेला, आणि म्हणून कुणी त्यांच्या दारावर गेलं नाही. त्या मरत होत्या आणि आम्ही सगळे ऐकत होतो, चर्च किती छान भरलंय ते.

हिच्या आईला. हिला काय तोंड दाखवणार होतो मी?

शनिवार, २५ ऑक्टोबर

सासूबाईंना घरी आणलं. उद्या चर्चला यायचंच म्हणतात, खुर्चीत बसवून का होईना. "आणि माणसं बोलवा. खरी."

बोलवा कुणाला आणि कसं? माझा आवाज नाही. फोनवरून लिहून कळवलं, उद्या चर्चला या. सगळ्यांची उत्तरं आली. नक्की ऐकू. जोडलेले हात. पुन्हा नक्की ऐकू. पालथ्या घड्यावर पाणी.

मग घंटा आठवली. ऐकवणं सुरू झाल्यापासून ती वाजवलेलीच नाही, फोनवर निरोप जातो ना. मनोऱ्यात चढलो तर दोर जागेवर नाही. तो मीच काढला होता! कर्ण्याच्या वायरींचा गुंता बांधायला दोर हवा होता, हाताशी हाच आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वायरी सोडल्या, दोर मोकळा केला, पुन्हा घंटेला बांधला.

एकच काम राहिलं होतं. ते करायला दुकानात गेलो आणि आधी सगळं टेबल आवरत बसलो. उद्या कळ दाबायची नाही, म्हणजे उद्या हिचा आवाज नाही. परवा नाही. कधीच नाही. एकदा शेवटचं ऐकावं म्हणून लावलं. बेकरीवाला होता, मास्तरीणबाई होत्या, पाळकसाहेब, सासूबाई, मी. आमची अख्खी मंडळी होती त्यात. हिचा आवाज नव्हता. मागे-पुढे करून बघितलं. 'आमेन'च्या आधी ती नेहमीची जागा होती, तेवढी रिकामी.

कधी गेली, कळलंच नाही. माझाच आवाज ऐकत बसलो होतो बहुतेक.

सगळं पुसून टाकलं.

रविवार, २६ ऑक्टोबर

सकाळी दोर ओढला. हात सोलवटले, पण घंटा अशी वाजली की मनोऱ्यातली कबुतरं गावभर झाली.

फोन गप्प आणि घंटा सुरू, म्हणून लोकांना वाटलं कुणी गेलं. धावत आले. बेकरीवाला तसाच, कोपरापर्यंत पीठ. मास्तरीणबाई घरातल्या चपलांत. एकेक करून बाकं भरली, पूर्ण नाही, पण भरली. सगळे खुणांनी एकमेकांना विचारत होते, कोण गेलं? मी सासूबाईंची खुर्ची ढकलत मधल्या वाटेनं नेली. त्यांना जिवंत बघून लोकांचा जीव भांड्यात पडला आणि मग चेहरे उतरले. गेल्या रविवारी यांना कुणी इथे पाहिलं होतं का, हे प्रत्येकजण आठवत असणार.

मिक्सर बंद होता. मुख्य वायर मी काढून खिशात घातली होती. खांबाशी न बसता मी सासूबाईंच्या शेजारी बसलो.

पाळकसाहेब उभे राहिले. तोंड उघडलं. घशातून नुसता वारा आला: "प्रभू तुमच्याबरोबर असो."

कुणी बोललं नाही.

अशी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही, आणि ऐकणं हाच माझा धंदा आहे. एवढी माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी, आवाज कुणालाच नाही. बेकरीवाल्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मास्तरीणबाई घाबरून घसा चोळत होत्या. वरचे कर्णे काळे आणि मुके. मला वाटलं, झालं. मी पुसून टाकलं ते यांचंच होतं, आता परत कुठून येणार?

तेवढ्यात सासूबाईंनी खुर्चीच्या दांड्याला धरून अंग वर उचललं. "आणि," म्हणाल्या. खोकला आला. परत, "आणि तुमच्याही..." दाराच्या गंजलेल्या बिजागरीचा असतो तसा आवाज. पण खोलीत होता, समोर होता, कर्ण्यातून नव्हता. त्यांच्या मागून बेकरीवाला भसाभसा काहीतरी बोलला. मग मास्तरीणबाई. मग मागची बाकं, कुणी पुढे, कुणी मागे, कुणी भलत्याच सुरात. इतकं बेसूर उत्तर या चर्चनं कधी दिलं नसेल. पाळकसाहेब व्यासपीठावर रडत होते आणि ते कुणाला दिसू नये असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं.

गीताचं तर विचारूच नका. बेडकं बरी. पण शेवटच्या कडव्यापर्यंत घसे मोकळे झाले होते.

मग समारोपाची प्रार्थना. मी डोळे मिटले. हिची जागा रिकामी राहणार हे माहीत होतं, म्हणून मन घट्ट करून बसलो. पाळकसाहेबांचं वाक्य अजून संपायचं होतं, आणि कुणीतरी मोठ्यानं 'आमेन' म्हणालं. सगळ्यांच्या आधी. मुलं हसली, माणसं वळून बघू लागली.

माझ्याकडे बघत होती. मीच म्हणालो होतो. मला माहीतही नव्हतं.

हात धरायची वेळ झाली. सासूबाईंनी माझे सोलवटलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बोटं गार होती, पकड घट्ट. माझ्याकडे जरा वाकून, त्या फाटक्या आवाजात नाही, अगदी मऊ, कानात सांगावं तसं म्हणाल्या, "घाई कसली? गाडी सुटतेय का?"

हिनं आईला सांगितलं असेल. लेकी आयांना सगळं सांगतात. विचारणार होतो, पण उत्तर दिल्याशिवाय हात सोडायचे नाहीत, ही आमची रीत. आणि मला ते इतक्यात सुटायला नको होते. म्हणून मी बराच वेळ काही बोललोच नाही. मग म्हणालो, "तुम्हालाही."